झालं ते, राहिलं ते

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

इतकी वर्षं पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. माफी तेवढ्यापुरतीच. पुढचं सगळं पत्र भांडणाचं आहे. सवयीने 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. शेवटी उरले तर देईन.

गेल्या सोमवारपासून तू रोज सकाळी माझ्या कामाच्या जागी येतेस. तुला त्याचा पत्ता नसेल. मी अजून त्याच दातांच्या लॅबमध्ये आहे. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. एक जण प्लास्टरचे साचे ओततो, एक जण मेणात दात कोरते, एक जण घासून गुळगुळीत करतात, आणि मी रंग देते. रसायनशास्त्राच्या पदवीचा एवढाच उपयोग झाला, की माणसाचा दात पांढरा नसतो हे मला नेमकं माहीत आहे. मुळाशी पिवळसर, टोकाला निळसर, मध्ये कुठेतरी चहाचा एक डाग. नुसता पांढरा दात दिला की लांबूनही खोटा वाटतो.

तर सोमवारी मालकांनी भिंतीवर स्पीकर लावला. दाराशेजारी आमचा एक फळा होता. काही मोडलं, बिघडलं, संपलं की आम्ही तिथे लिहायचो: 'दुसऱ्या बाकावरचा दिवा लुकलुकतो', 'नळ गळतो'. तो त्यांनी स्वच्छ पुसला आणि वर रंगाने लिहून घेतलं, 'आभार'. "आजपासून कामाआधी दहा मिनिटं कृतज्ञता," म्हणाले. "एकवीस दिवसांत सवय लागते. मला स्वतःला लागली आहे." मग बटण दाबलं, आणि तू बोलायला लागलीस.

मी हातातला ब्रश खाली ठेवला. आवाज मोठा झालाय तुझा, भरदार. पण 'म्हणजे' म्हणताना तू अजून अडखळतेस. मेणवाली माझ्या शेजारी बसते, तिचे कान तीक्ष्ण. ती कुजबुजली, "ही बाई थेट तुमच्यासारखी बोलते हो. फक्त हिला पैसे मिळतात." मी ब्रश परत उचलला. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि दातांच्या लॅबमध्ये ही म्हण कुठे बोलायची सोय नाही.

तू कृतज्ञतेविषयी बोललीस त्याचं मला काही नाही. लोकांना बरं वाटत असेल. पण तू आईवर आलीस. "माझी आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करायची. सोड्याच्या पाण्याने तिचे हात फाटलेले असायचे. तरी रोज संध्याकाळी माझे केस विंचरता विंचरता ती आभार मानायची. एकदा तर तिने साध्या रबरी हातमोज्यांचे आभार मानले, डोळ्यांत पाणी आणून. इतक्या छोट्या गोष्टीचे! तिच्या तोंडून मी एकदाही तक्रार ऐकली नाही."

बारके, माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते मोजे छोटी गोष्ट होती? ते मोजे तिने रोज मागितले होते. रोज. मुकादमाने नाही म्हटलं की संध्याकाळी घरी येऊन सांगायची, "झालं ते झालं. आता राहिलं ते. मोजे आजही दिले नाहीत. उद्या परत मागेन." आधी झालं ते, मग राहिलं ते, मग उद्याचं एक काम. तीन भाग होते तिच्या बोलण्याचे. तू पहिला ठेवलास आणि उरलेले कापून फेकलेस. आईच्या शोकसभेत तेच केलं होतंस. 'आईने आयुष्यात तक्रार केली नाही,' असं सगळ्यांसमोर म्हणालीस, आणि मी उठून विचारलं, "ही कुठल्या आईबद्दल बोलतेय?" त्यानंतर आपण बोललो नाही. पण तेव्हा निदान तू घरच्या लोकांसमोर बोलली होतीस. आता तू ती अर्धी आई विकतेस, आणि माझे मालक विकत घेतात.

हे सगळं खरं मानूनच लिहिलंय. तरी काल पत्र फाडलं, आज परत लिहिलं. माझा राग तुझ्यावर आहे की स्पीकरवर, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. तुझ्यावर आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी दिलं नसतं.

तुझा कार्यक्रम जोरात चालू आहे. रोज सकाळी गोल उभं राहायचं, तू बोलायचं, मग एकेकाने एकेक आभार मानायचे. चांगला असेल तो मालक फळ्यावर लिहितात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सूर्याचे, हवेचे, पाण्याचे आभार मानून टाकले. दुसऱ्या आठवड्यात माल संपला. प्लास्टरवाला गुडघ्यांचे आभार मानतो, मेणवाली चपलांचे. काल तिने विचारलं, "उद्या कोणाचे मानू हो? माझ्याकडे आता फक्त नवरा उरलाय, आणि तो मी अडीअडचणीसाठी राखून ठेवलाय."

हसू येतं. पण ज्यासाठी लिहायला बसले ते हसण्यासारखं नाही.

आमच्याकडे पॉलिशवाले काका आहेत. दिवसभर घासायचं काम. धातूची, प्लास्टरची, सिरॅमिकची धूळ उडते, पिठासारखी बारीक. त्यांच्या बाकाला एक सक्शन आहे. धूळ नाकात जायच्या आधी खेचून घेणारा पंखा आणि त्यामागे मोठा पाइप. दमेकरी माणसासारखा तो आधी कण्हायला लागला, मग बंद पडला. तेव्हा जुना फळा होता. काकांनी त्यावर लिहिलं होतं. मालकांनी फळा पुसला तेव्हा ती ओळही गेली. काका आता तोंडाला रुमाल बांधून घासतात. संध्याकाळी तो रुमाल झटकला की टेबलावर पांढरा थर पडतो. त्यांना खोकला आहे. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, धूळ टाळा. धुळीतच ज्याची भाकरी आहे त्याने धूळ कशी टाळायची, ते काही सांगितलं नाही.

मी मालकांकडे गेले. शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या लक्षात येतंय का, आपण दिवसाची सुरुवात जे नाही त्याने करतो? आधी जे आहे त्याचे आभार माना. बाकीचं आपोआप येतं." हे वाक्य तुझं आहे. मी ते स्पीकरवर ऐकलंय. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी तू कुठल्याशा खोलीत बसून हे बोललीस, आणि इथे एका माणसाच्या छातीवर त्याचा बोळा बसला.

आता ऐक पुढचं. परवा काकांची पाळी आली. ते म्हणाले, "माझ्या बाकावर हल्ली फार शांतता असते. पंख्याची घरघर नाही. कामात मन लागतं. त्याबद्दल आभार." आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. मेणवालीने पदर तोंडात कोंबला. आणि मालकांनी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. "ह्याला म्हणतात दृष्टी!" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं: 'शांततेबद्दल आभार'. अजून तिथेच आहे. त्याच्या खाली बसून काका खोकतात.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पूर्वी बुक्का बसला की निदान 'आई गं' म्हणता यायचं. आता 'धन्यवाद' म्हणावं लागतं.

न्याय म्हणून एक गोष्ट लिहिते, कारण एकांगी लिहिलं की मला नंतर टोचत राहतं. मालक ढोंगी नाहीत. त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळली होती, त्यांची झोप उडाली होती. तुझ्या आवाजाने त्यांना झोप लागायला लागली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. बायकोही आता हिंडते-फिरते. त्यांना जे औषध लागू पडलं ते ते आम्हाला पाजतायत. फक्त त्यांचं दुखणं आमचं नाही.

ते असंही म्हणाले, की मार्चच्या शेवटी तू स्वतः आमच्याकडे येणार आहेस. आमची लॅब म्हणे आदर्श ठरली आहे. आडनावं वेगळी, त्यामुळे त्यांना आपलं नातं ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

येऊ नकोस. ही विनंती नाही. काकांचं सक्शन चालू होण्याआधी तू त्या फळ्यासमोर हार घालून उभी राहिलीस, तर शोकसभेत मी जे केलं ते तिथे परत करेन.

ताई


६ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. अर्ध्या पानाचं. मी ते बाकापाशी उभ्यानेच वाचलं, मग घरी येऊन बसून वाचलं.

तू लिहिलंस, "ताई, दुसरा भाग कुठला? 'राहिलं ते' म्हणजे काय? आई असं कधी म्हणायची? मी कापलेलं काही नाही. मला जे माहीत आहे ते मी सगळं सांगते."

पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलतेस. माझ्या डायरीत तसं लिहिलंही, दोन ओळी चांगल्या तिखट. मग त्यापुढे लिहायला काही सुचेना, म्हणून एक संध्याकाळ पहिल्यापासून डोळ्यांसमोर आणली. तपशिलाने, जसा मी दात रंगवते, थरावर थर.

आई यायची. चपला दाराशी काढायची. स्टोव्हवर पाणी ठेवायची. तुला पुढ्यात घ्यायची आणि तुझे केस सोडवत बोलायची: "झालं ते सांगते. आज भट्टीवाल्याने माझी जड टोपली उचलून दिली, त्याचं भलं होवो. नव्या मुलीने मला तिच्या डब्यातलं दिलं, तिचं भलं होवो." माणूस आणि त्याने काय केलं, दोन्ही असायचं. नुसत्या हवेचे-पाण्याचे आभार तिने कधी मानले नाहीत. मग पाणी तापायचं. मग ती म्हणायची, "बारके, पळ, पाणी निवेल."

तू न्हाणीत जायचीस. दार लागायचं. तांब्या बादलीवर आपटायचा. आणि आई माझ्याकडे वळायची.

राहिलं ते न्हाणीचं दार लागल्यावर सुरू व्हायचं, बारके. रोज. इतकी वर्षं हे मला दिसलं नाही, कारण मी दाराच्या अलीकडे होते.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. "मी न्हाणीत असताना तुम्ही दोघी हळू आवाजात बोलायचात. मला वाटायचं, आईचं गोड बोलणं ती तुझ्यासाठी राखून ठेवते. मी पाणी बंद करून ऐकायचा प्रयत्न करायचे. काही कळायचं नाही."

गोड बोलणं! आमच्याकडे काय चालायचं ते ऐक. "मुकादम म्हणाला, हात दुखतात तर हात घरी ठेवून ये." "आज सोडा डोळ्यात उडाला, पाणी मारायला पाच मिनिटं सोडलं नाही." "राहिलं ते मोजे. उद्या परत मागेन. नुसतं मागणार नाही, सगळ्याजणींना घेऊन जाईन." आणि तू हेवा करत होतीस. मी तिकडे दात-ओठ खात बसलेली, आणि तू इकडे साबण डोळ्यात घेऊन कान लावून बसलेली.

शेवटी मोजे आले. सगळ्याजणींना आले. त्या संध्याकाळी ती गोष्ट राहिलेल्यातून झालेल्यात आली, म्हणून तुझ्या कानावर पडली. "आज मुकादमाने मोजे दिले, त्याचंही भलं होवो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू ते पाहिलंस. पाणी कशाचं होतं ते कळायला जो भाग लागतो तो तुझ्याकडे कधी आलाच नाही.

म्हणजे तू खोटं बोलली नव्हतीस. शोकसभेत तू तुझी आई सांगत होतीस आणि मी माझी. हे मला मान्य करावं लागतं. करते.

पण राग गेला का? नाही गेला. फक्त त्याने तोंड फिरवलं. आता मी आईवर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडणं किती गैरसोयीचं असतं, उत्तरच येत नाही. तुला तिने जपलं. तुला राग कळू नये, तुझं पोर-मन मऊ राहावं, म्हणून रोज दाराआड पाठवलं. मग मला का नाही जपलं? तुझ्या वाट्याला आभार आले, माझ्या वाट्याला राग. तुझं त्यावर दुकान उभं राहिलं. माझं काय झालं? चिडक्या बाईचं कोणी भाषण ठेवत नाही.

बघ, तक्रार करतेय. पण निदान तिच्या पद्धतीने करतेय.

ताई


१५ मार्च

बारके,

मी एक केलं. चांगलं केलं की नाही ते लिहिता लिहिता ठरेल.

सोमवारी सकाळी गोलात माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्या आईची रीत आहे, तशी सांगते. झालं ते: काल माझ्या हातून साचा निसटला, तो मेणवालीने पडता पडता झेलला. तिचं भलं होवो. मालकांनी खिडकीची फुटकी काच बसवून घेतली, त्यांचंही भलं होवो. राहिलं ते: काकांच्या बाकावरचं सक्शन बंद आहे, धूळ छातीत जाते. उद्या परत विचारीन."

मालक म्हणाले, "शेवटचं आभारात बसत नाही."

"पहिलं बसतं ना?" मी म्हटलं. "ते एकाच वाक्याचं आहे."

मंगळवारी परत सांगितलं. बुधवारी मेणवालीने सुरुवात केली. "झालं ते: ताईंनी चहा पाजला. राहिलं ते: साखर. उद्या: साखर विसरायची नाही." सगळे हसले, मालकसुद्धा. आणि बारके, एक विचित्र गोष्ट झाली. लोकांना आठवायला लागलं. ज्या प्लास्टरवाल्याला गुडघ्यांपलीकडे सुचत नव्हतं, तो म्हणाला की सकाळी लवकर येऊन कोणीतरी त्याचा ओटा पुसून ठेवतं, आणि ते काका आहेत हे त्याला काल कळलं. नुसते आभार मानत राहिलं की जीभ पंधरा दिवसांत गुळगुळीत होते. राहिलेलं शेजारी ठेवलं, की झालेलं दिसायला लागतं. पांढऱ्या दाताचं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, तेच. आईची सवय तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत का टिकली, हे मला आता कळतंय. ती स्वतःला बरं वाटावं म्हणून नव्हतीच. कोण कसं वागलं हे विसरू नये म्हणून होती.

पण गुरुवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. रुमाल हातात, आवाज खाली.

"ताई, तुम्ही रोज माझी छाती सगळ्यांसमोर मांडताय. मला विचारलंत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मालक काल म्हणाले, 'काका, त्रास होत असेल तर घरी आराम करा. दुसरा माणूस बघतो.' तुमचा बाक कोणी काढून घेत नाहीये. माझा घेतील."

"मला वाटलं—"

"तुम्हाला वाटलं. मला वाटायचं काय? तो फळ्यावरचा विनोद माझा होता. तेवढा तरी माझा होता."

मला उभ्या जागी शरम वाटली. मालक आमच्या तोंडात आभार कोंबतात म्हणून मी चिडले, आणि मी काकांच्या तोंडून तक्रार काढून घेतली. काय फरक? मी म्हटलं, "चुकलं. उद्यापासून मी सक्शनचं नाव काढणार नाही."

ते दोन पायऱ्या चढले, थांबले, खोकले. "नाव काढू नका असं कुठे म्हटलं? माझं राहिलेलं मी सांगेन म्हटलं."

शुक्रवारी गोलात त्यांची पाळी आली. ते म्हणाले, "झालं ते: ह्या लॅबमध्ये मी मालकांना घासायला शिकवलं. त्यांचे हात चांगले होते, त्यांचं भलं होवो. राहिलं ते: आम्ही दोघं त्या बाकावर बसायचो तेव्हा सक्शन चालू असायचं. त्यांची छाती चांगली राहिली, ह्याचा मला आनंद आहे. माझी राहायची आहे. उद्या: मी कामावर येणार आहे."

मालकांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "आजपासून गोल बंद. ज्याने त्याने मनातल्या मनात आभार मानावेत." मागे हळू चालू राहिलेल्या स्पीकरचं बटण दाबलं. तू 'म्हणजे'वर अडखळलीस आणि तिथेच बंद झालीस.

आत बोलावून मला म्हणाले, "ही रीत कुठून आणलीत? मी त्या बाईंना कळवणार आहे, त्यांच्या पद्धतीची तुम्ही वाट लावलीत म्हणून."

मी म्हटलं, "कळवा. त्या माझ्या धाकट्या बहीण आहेत. आई एकच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. म्हणाले, "आवाज सारखा आहे खरा."

दुसरा माणूस मात्र बघून गेलाय. तरणा, रुंद छातीचा. काकांच्या बाकापाशी उभा राहून त्याने मालकांना विचारलं, "इथे सक्शन नाही का?" बघ, त्यालाही दिसलं. तू येशील तेव्हा काका त्या बाकावर असतील की नाही, मला माहीत नाही. 'येऊ नकोस' म्हटलं होतं ते मागे घेते. 'ये' असं म्हणायला तोंड होत नाही. तुझं तू ठरव.

ताई


२८ मार्च

बारके,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या तू येणारच आहेस, हातात देईन. समोर बोलता येणार नाही हे मला माहीत आहे. आपण दोघी एका खोलीत आलो की मी भांडते आणि तू हसतेस.

काल मालक तणतणत आले. "तुमच्या बहिणीचं पत्र आलंय. त्यांना म्हणे स्टेज नको, खुर्ची नको. पॉलिशच्या बाकाशेजारी उभं राहून बोलणार, आणि काका नेहमीसारखे घासत असले पाहिजेत. त्यांच्या अंगावर धूळ उडेल त्याचं काय?"

मी म्हटलं, "उडेल खरी."

"तुम्ही शिकवलंत त्यांना हे?"

"नाही. त्यांचं त्यांना सुचलं."

आज सकाळी मेकॅनिक आला. पंखा खोलला. आतून धुळीचे गोळे निघाले, उशीतल्या कापसासारखे. मागचा पाइप कुठेतरी तडकला होता, त्यावर काहीतरी गुंडाळलं. दुपारी घरघर सुरू झाली. मेणवाली म्हणाली, "काका, गेली हो तुमची शांतता." काका हसले आणि हसता हसता खोकले. तो दुसरा माणूस परत आला नाही. काकांनी फळ्यापाशी जाऊन 'शांततेबद्दल आभार' स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि मालक ते बघत उभे राहिले.

मी खूश व्हायला हवं होतं. पण घरी येताना रस्ताभर चरफडत आले. ज्या माणसाने मालकांना हातात यंत्र धरायला शिकवलं, त्याच्या खोकल्याने जे झालं नाही, ते पाहुणीच्या साडीवर धूळ उडेल ह्या भीतीने एका दिवसात झालं. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात हे आम्हाला कोणी सांगायला नको, आम्ही दोन्ही बनवतो. तरी चीड येते. ती यायलाच हवी असं मला वाटतं. आईला मोजे मिळाले त्या संध्याकाळी तू न्हाणीत गेल्यावर ती काय म्हणाली, माहीत आहे? "मिळाले. पण ज्या दिवशी मागितले त्या दिवशी दिले असते तर माझी करंगळी सरळ राहिली असती. हे मी विसरणार नाही." आभार मानून दहा मिनिटंही झाली नव्हती. दोन्ही खरं होतं. तिने भलं चिंतलं तेही खरं, आणि विसरणार नाही तेही.

तुला हे आता सांगते आहे, कारण ते तुझंही होतं. ती माझी मिळकत म्हणून मी उगाच जपत बसले. राग हा काही सोन्याचा दागिना नाही की थोरलीनेच ठेवावा. अर्धा तुझा. घे.

आणि तुझ्या वाटणीतलं अर्धं माझ्याकडे आलंय, हे कबूल करायला मला जड जातं. गोल बंद झाला, स्पीकर बंद आहे, तरी रोज घरी चपला काढल्या की माझ्या तोंडून आपोआप निघतं, झालं ते. कोणी ऐकायला नसतं. सवय लागली, बारके. तुझ्या एकवीस दिवसांनी लागली नाही, पण लागली. आजचं लिहून ठेवते, तू उद्या वाचशील.

झालं ते. मेकॅनिक जेवणाची सुट्टी न घेता पंख्यापाशी बसला, त्याचं भलं होवो. काकांनी मला जिन्यात अडवून खडसावलं, नाहीतर मी त्यांच्या नावावर मोठी झाले असते. त्यांचं भलं होवो. मालकांनी फळा पुसू दिला. एवढ्यापुरतं त्यांचंही. आणि एका मुलीने न्हाणीत पाणी बंद करून ऐकायचा प्रयत्न केला, आणि इतक्या वर्षांनी विचारलं, दुसरा भाग कुठला. तिचं भलं होवो. पहिल्या पत्रात राखून ठेवलेले आशीर्वाद हेच.

राहिलं ते. घरघर ऐकू येते, पण पाइप तडकलेलाच आहे. आवाज येतो म्हणजे पंखा धूळ खेचतोच, असं नाही. मालकांनी फक्त आवाज तपासला.

उद्या: भाषणाच्या आधी बारकीच्या हातात कागदाची एक पट्टी द्यायची, आणि तिला ती सक्शनच्या तोंडाशी धरायला लावायची.